मागची चौदा पानं

दर पंधरवड्याला मी लोकांना पाच पुस्तकं वाचायला सांगते. रविवारच्या पुरवणीत सातव्या पानावर, 'नवी पेपरबॅक्स' या नावाखाली, प्रत्येकी शंभर शब्दांत. कथा-कादंबऱ्या माझ्याकडे येत नाहीत, त्या बघायला दुसऱ्या बाई आहेत. माझ्या वाट्याला सगळं खरंखुरं येतं. युद्धं, आजार, चरित्रं, मधमाश्या, बँका कशा बुडाल्या, साखर किती वाईट. बावीस वर्षं हेच करते आहे आणि या धंद्यातली एक गोष्ट मी बाहेर कुणाला सांगत नाही. आज सांगते, कारण तिच्यापायी माझ्या भावाचं व्हायचं ते झालं.

असली पुस्तकं आधी जाड पुठ्ठ्यात निघतात. महाग असतात. ती ग्रंथालयं विकत घेतात आणि आम्ही परीक्षक फुकट घेतो. वर्षभराने तेच पुस्तक मऊ कव्हरात येतं आणि मग ते खरी माणसं घेतात. आता एकदा वाचलेलं पुस्तक पुन्हा कोण वाचत बसणार? जुनी टिपणं काढायची, त्यांचे शंभर शब्द करायचे, नव्या प्रतीवरून किंमत आणि पानांची संख्या उतरवायची, झालं काम. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. आम्ही ती गेल्या वर्षीच्या शितावरून करतो.

माझा थोरला भाऊ पुलांचा तपासनीस होता. पादचारी पूल, कालव्यावरचे छोटे पूल, लोखंडी जिने हे त्याच्याकडे असायचं. लांब दांड्याची हातोडी घेऊन तो पुलाखाली शिरायचा आणि एकेक बोल्ट ठोकून कान लावायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर काहीतरी गडबड. त्यामुळे त्याच्या इमारतीत त्याला सगळे 'हातोडीवाले' म्हणायचे. आम्ही त्याची चेष्टा करायचो, की लग्नाआधी वहिनीलासुद्धा ठोकून बघितली असशील. तो हसायचा. तेव्हा तो पुष्कळ हसायचा.

चार वर्षांपूर्वी त्याच्या हद्दीतला एक पादचारी पूल शाळा सुटायच्या वेळी कोसळला. नऊ माणसं गेली. त्यांतली एक दादाच्याच इमारतीतली होती. तळमजल्यावर शिंप्याचं दुकान आहे आणि मागे दोन खोल्यांत त्यांचं घर. त्या मास्टरांची अकरा वर्षांची मुलगी. आई तिची आधीच गेलेली. मुलीच्या अंत्यविधीत सगळं उचलायला, न्यायला शेजारी म्हणून दादाच पुढे होता.

चौकशी झाली तेव्हा दादाचा एक अहवाल निघाला. पूल पडायच्या तीन महिने आधीच्या तारखेचा. तीन बोल्ट बद्द वाजतात, पूल ताबडतोब बंद करावा, असं त्याने स्वच्छ लिहिलेलं होतं. वरच्या साहेबांनी तो दाबून ठेवला असं ठरलं. साहेबांना घरी पाठवलं, दादाला हातोडी काढून घेऊन टेबलावर बसवलं. कागदावर तो सुटला, पण इमारतीत कुणी कागद वाचत नाही. लोक जिन्यात त्याला वाट देऊन बाजूला उभे राहायचे. शिंपीमास्टर तर त्याच्याकडे बघायचेच नाहीत. दुकानाच्या दारातून दादा रोज दोनदा जायचा आणि दोन्ही वेळा मास्टरांची मान मशीनवर खाली असायची. माझा भाऊ त्या चार वर्षांत दहा वर्षांनी म्हातारा झाला.

मग एका पत्रकाराने पुलावर पुस्तक लिहिलं. नववं प्रकरण दादावर होतं, नाव घालून. सगळ्या खात्यात एकच माणूस असा, ज्याने वेळेवर लिहिलं आणि ज्याचं कुणी ऐकलं नाही. ते वाचताना मला रडू आलं. माझी प्रत मी दादाला दिली. त्याने तिला खाकी कव्हर घातलं आणि इतक्या वेळा वाचली, की नवव्या प्रकरणाची शिवण सुटली.

मी म्हटलं होतं, मास्टरांना देऊन टाक ही प्रत, वाचू देत. तो नको म्हणाला. "एवढं जाड पुस्तक दिलं तर वकील लावल्यासारखं वाटेल," म्हणाला. "पातळ पुस्तक माणूस जाताजाता देऊ शकतो. पेपरबॅक येऊ दे. आणि तू त्यावर लिही. तुझ्या सदरात आलं, की ते माझं म्हणणं राहत नाही."

मग वर्षभर दर रविवारी त्याचा फोन. पेपरबॅक कधी? मी प्रकाशकाला विचारून सांगायची, अजून दोन महिने, अजून एक. मूल होणार असल्यासारखा तो दिवस मोजत होता. त्याला बाकी काही नको होतं. तळमजल्यावरच्या एका माणसाने मान वर करून त्याच्याकडे बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी पेपरबॅक आली. माझ्याकडची प्रत मी चाळलीसुद्धा नाही. मुखपृष्ठावर तांबड्या पट्टीत 'नव्या प्रकरणासह' असं छापलं होतं. मुखपृष्ठावरच्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही असा माझा नियम आहे, तिथे प्रत्येक पुस्तक थरारकच असतं. टिपणं काढली आणि पहिल्या क्रमांकावर लिहिलं: 'या पंधरवड्यात एकच पुस्तक घेणार असाल तर हे घ्या. दोष कुणाचा हे शेवटच्या पानापर्यंत पुराव्यानिशी सांगणारं, आणि एका साध्या माणसाला न्याय देणारं.' खाली किंमत आणि 'पाने ३२६'. जाड पुस्तक तीनशे बारा पानांचं होतं हे माझ्याच टिपणात दोन ओळी वर लिहिलेलं होतं. तो माणूस माझा भाऊ आहे, हे मी संपादकांना सांगितलं नाही. आडनावं वेगळी, कोण विचारतंय? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी इतरांच्या लेखांवर तोंड वर करून लिहिलेलं आहे.

सोमवारी दादाने सात प्रती विकत घेतल्या. वाचायला एकही उघडली नाही, त्याला पाठच होतं. सहा इमारतीत आणि कचेरीत वाटल्या. सातवी घेऊन तो दुकानात गेला, सोबत माझ्या सदराचं कात्रण. मास्टरांनी पुस्तक हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघितलं. दादाने मला हे फोनवर तीनदा सांगितलं. बघितलं म्हणजे अगदी चेहऱ्याकडे, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो धीर करून शर्टाचं कापड घेऊन गेला. मास्टरांनी गळ्यातली टेप काढली आणि माप घेतलं. त्या आठवड्यात वहिनीने मला सांगितलं, की हे आंघोळीला जाताना गुणगुणतात. चार वर्षांनी.

नवव्या दिवशी सकाळी पुरवणीच्या उपसंपादकाचा फोन आला. एका वाचकाचं पत्र होतं. पुस्तकात नवं शेवटचं प्रकरण आहे, त्याने सगळी कहाणीच उलटते, आणि तुमच्या बाईंनी त्याचा उल्लेखही केला नाही, तो का? उपसंपादक दिलगिरीच्या सुरात विचारत होता. मी म्हटलं बघते, आणि ढिगातून प्रत ओढली.

तीनशे तेरावं पान. चौदा पानं मी उभ्यानेच वाचली. पत्रकाराला मागाहून दादाच्या खात्यातला एक निवृत्त कारकून भेटला होता. त्याने सांगितलं, की तो अहवाल तीन महिने आधी लिहिलेलाच नव्हता. पूल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासनीस कचेरीत आला, अहवालाचा कोरा छापील नमुना मागून घेतला, उभ्याउभ्या भरला आणि जुन्या फायलीत लावून गेला. खाली अहवालाचा फोटो होता. तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि महिना. तो नमुना छापला गेला होता पूल पडायच्या तीन आठवडे आधी, आणि त्यावर तारीख होती तीन महिने आधीची.

मी पुस्तक मिटलं आणि पहिला विचार आला तो दादाचा नाही, माझा. माझ्या नावावर हे छापून गेलं होतं. हा विचार आला याची मला अजून लाज वाटते. दुसरा विचार आला, की मास्टर हळू वाचणारे आहेत. दादाच म्हणाला होता, रोज थोडंथोडं वाचतात, पुस्तकात अस्तराची पट्टी घालून ठेवतात. म्हणजे अजून वेळ होता.

दादाच्या कपाटातली खाकी कव्हरची प्रत मी वहिनीला फोन करून खाली मागवून घेतली आणि दुपारी, गिऱ्हाईक नसतं अशा वेळेला, दुकानात गेले. मशीनवरच्या फळीवर पेपरबॅक होती, पट्टी बरीच शेवटाकडे. तिच्याखाली दादाचं कापड, घडी न मोडलेलं. मी बसले, हवापाण्याचं बोलले, मग म्हटलं, "मास्टर, या प्रतीत अक्षरं मोठी आहेत, डोळ्यांना बरी पडतील. तुमच्याजवळची मला द्या, मला कामाला हवी आहे."

मास्टरांनी खाकी प्रत घेतली. पहिलं पान उघडलं नाही. उलटी केली आणि मागून उघडली.

"ही तीनशे बारालाच संपते," ते म्हणाले.

त्यांनी प्रत सावकाश माझ्या मांडीवर परत ठेवली. "ताई, कापड हातात आलं की मी आधी उलटं करतो. शिवण कशी आहे ते मागच्या बाजूला कळतं. पुस्तकाचंही तेच केलं, पहिल्याच संध्याकाळी."

या माणसाने आयुष्यात फार तर चार पुस्तकं वाचली असतील, आणि मी बावीस वर्षं लोकांना वाचायला शिकवते आहे. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी त्याचं माप का घेतलंत? ते म्हणाले, "त्यांना ठाऊक आहे का ते बघायचं होतं. मनात काही असलं, की माणूस टेप लागल्यावर श्वास धरतो. हे मोकळे उभे होते. आनंदात होते. म्हटलं, यांनी मागचं वाचलेलंच नाही." मग त्यांनी मला सांगितलं, की तेव्हापासून ते पहिल्या पानापासून वाचत आहेत, आणि नववं प्रकरण दोनदा वाचलं. त्या माणसाबद्दल चांगलं काय लिहिलंय तेही नीट कळायला हवं होतं, म्हणून.

"त्यांना खाली पाठवा," ते म्हणाले. "चष्मा घेऊन या म्हणावं."

मी दोन जिने चढून गेले. दादा सुट्टीवर होता, खिडकीशी बसून नखं कापत होता. मला बघून म्हणाला, या परीक्षकबाई, तुमच्या कृपेने शर्ट शिवतोय. मी पिशवीतली माझी पेपरबॅक फोटोच्या पानावर उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने मजकूर वाचला नाही. बोट थेट तळाच्या बारीक ओळीवर नेलं.

"छापखान्याचा महिना," तो म्हणाला. "तो बघायचा राहिला."

आयुष्यभर बोल्टाबोल्टाला कान लावणारा माणूस, आणि एक ओळ बघायची राहिली. आणि मी आकडे उतरवणारी, चौदा पानं बघायची राहिली. आम्ही दोघं भावंडं एकाच माळेचे मणी.

मी त्याला विचारलं, ठोकून तरी बघितलं होतंस का? तो म्हणाला, बघितलं होतं. तीन ठिकाणी बद्द आवाज आला होता. साहेबांना तोंडी सांगितलं. साहेब म्हणाले, दुरुस्तीला पैसे पुढच्या वर्षी आहेत, आत्ता लिहिलंस तर पूल बंद करावा लागेल आणि लोक बोंबलतील. म्हणून लिहिलं नाही. "जे लिहायला हवं होतं तेच नंतर लिहिलं," तो म्हणाला. "त्यात एक अक्षर खोटं नाही, तारीख सोडून."

मला इतका संताप आला, की हातातली खाकी प्रत मी जमिनीवर आपटली. सुटलेलं नववं प्रकरण बाहेर पडून पलंगाखाली गेलं. मी म्हटलं, तारखेतच तर सगळं होतं. त्या तारखेला ती नऊ माणसं जिवंत होती. माझ्याकडून हे लिहून घेताना तुला काही वाटलं नाही?

तो वाकून पानं गोळा करायला लागला. पलंगाखालूनच म्हणाला, "हे प्रकरण इतक्या वेळा वाचलं ना, की मला ते लिहिल्याचं आठवायला लागलं होतं. खरंच. दिवससुद्धा आठवायचा, ऊन होतं."

तो खोटं बोलत नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

मास्टर खाली बोलावतायत, चष्मा घेऊन, असं मी सांगितलं. त्यांनी मागचं वाचलंय का, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं. पहिल्याच दिवशी, हेही सांगितलं. त्याला माप आठवलं असावं, कारण त्याचा हात आपोआप छातीकडे गेला. मग तो उठला, चष्मा पुसला, केस विंचरले. वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, शर्ट झाला वाटतं? तो म्हणाला, बघून येतो.

वहिनीला मी नंतर सांगितलं. पुढच्या पंधरवड्याच्या सदरात मी सहा ओळींची कबुलीही लिहिली. संपादकांनी तिच्या दोन केल्या आणि मला काही दिवस विश्रांती घ्यायला सांगितली. पण हे सगळं नंतरचं.

दुकानात मास्टरांनी गिऱ्हाइकाचं स्टूल पुढे ओढलं. दादा बसला. मी दारातच उभी राहिले, आत जायचा धीर होईना. मास्टरांनी पेपरबॅक काढून, तीनशे तेरावं पान उघडून त्याच्या हातात दिली आणि स्वतः मशीनमागे जाऊन बसले. मशीन बंदच होतं.

"वाचा," ते म्हणाले. "मोठ्याने."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. मग तो वाचायला लागला. कचेरीत अहवाल वाचतात तसा, एका सुरात, विरामाला थांबून. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्याने तेही वाचलं. निवृत्त कारकुनाचं म्हणणं वाचलं, छापखान्याचा महिना वाचला. एक बाई पडदे घेऊन दुकानात आली. मास्टरांनी हातानेच तिला नंतर या अशी खूण केली. ती थोडा वेळ उभी राहिली, ऐकलं, आणि पडदे तसेच उचलून निघून गेली.

त्या चौदांतल्या आठव्या पानावर तो परिच्छेद होता. मी सकाळी वाचलेला, म्हणून येणार हे मला माहीत होतं. तपासनीस त्या संध्याकाळी कचेरीत कुठून आला, हे कारकुनाने सांगितलं होतं. तो एका मुलीच्या अंत्यविधीहून थेट आला होता आणि त्याच्या बुटांना ओली माती होती. तिचं वय लिहिलं होतं, ती आपल्याच इमारतीतली आहे असं तो म्हणाल्याचं लिहिलं होतं, आणि मग तिचं नाव होतं.

दादा वयापर्यंत आला आणि थांबला. त्याने चष्मा काढला. मला वाटलं आता हे संपेल, मास्टर पुस्तक काढून घेतील, दोन शिव्या देतील, अंगावर धावून जातील. मी मनातल्या मनात तसं होऊ दे म्हणत होते.

मास्टर जागचे हलले नाहीत. "नाव वाचा," ते म्हणाले.

चार वर्षांत त्या इमारतीत ते नाव कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. लोक 'मास्टरांची मुलगी' म्हणायचे, किंवा 'ती'. दादाही तसंच म्हणायचा. त्याने चष्मा पुन्हा चढवला. मग त्याने ते नाव वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मास्टरांनी डोळे मिटून घेतले होते. मग त्यांनी दादाचं कापड समोर ओढलं, मापाची चिठ्ठी टाचणीने त्यावर लावली आणि न कापलेली घडी त्याच्या पायाशी ठेवली.

"आता पुढे," ते म्हणाले.

अजून सहा पानं होती. दादाने ती सगळी वाचली.